'जेवलात का?' असं कोण विचारतं?

मंडळी, या सदरात मी आजवर टॅक्स, सोशल सिक्युरिटी, इन्शुरन्स असल्या रुक्ष विषयांवरच लिहीत आलो. या वेळी व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर लिहितो म्हटल्यावर संपादिकाबाईंनी विचारलं, "अहो, आरोग्य आणि अर्थ या पानावर व्हॉट्सअ‍ॅप कशाला?" मी त्यांना म्हटलं, आपल्याच मंडळातल्या एका काकूंचं आरोग्य आणि एका मित्राचा अर्थ, दोन्ही याच वाटेनं धोक्यात आले. एका प्रकरणात मी नको तिथे बोललो आणि दुसऱ्यात बोलायला हवं तिथे गप्प बसलो. तेव्हा हा लेख म्हणजे थोडी माहिती आणि थोडा कबुलीजबाब, असं समजून वाचावा. दोघांनीही लिहायला परवानगी दिली आहे. नावं मात्र देत नाही.

फोन-साखळी

आमच्या पिढीतल्या लोकांना मंडळाची फोन-साखळी आठवत असेल. १९९६ च्या जानेवारीत न्यू जर्सीत ते मोठं हिमवादळ झालं, शाळेच्या हॉलचं पार्किंग बर्फाखाली गेलं आणि संक्रांतीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तेव्हा अध्यक्षांनी पाच घरी फोन केले, त्या पाचांनी आणखी पाच-पाच घरी. दोन तासांत निरोप सगळीकडे पोचला. पण निरोपाबरोबर आणखीही काही पोचायचं. "कार्यक्रम रद्द झालाय. बरं, तुमच्या सासूबाईंचा खोकला कसा आहे? ड्राइव्ह-वे साफ करायला मुलाला पाठवू का?" पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा, आणि लाँग डिस्टन्स नसल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

मग ई-मेल आली. २००४ साली ऑर्कुट आलं, त्याच वर्षी फेसबुक सुरू झालं, २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप. ऑर्कुट २०१४ साली बंद पडलं, बाकीची दोन्ही आपल्या घरात ठाण मांडून बसली. आमच्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे आजची फोन-साखळी. निरोप दोन तासांऐवजी दोन सेकंदांत पोचतो. खोकल्याची चौकशी मात्र वाटेत कुठे तरी गळून पडली.

मी ग्रुपच्या विरुद्ध आहे असं कृपा करून समजू नका. त्याचे फायदे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. नोकरी गेलेल्या एका तरुण सभासदानं ग्रुपवर चार ओळी लिहिल्या आणि ज्याच्याशी त्याची जेमतेम तोंडओळख होती अशा गृहस्थांनी त्याचा बायोडेटा आपल्या ऑफिसात पोचवला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच लिहून ठेवलं आहे की नोकरीची बातमी पुष्कळदा जिवलग मित्रांकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते. कारण सोपं आहे. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. अशा लांबच्या ओळखी जिवंत ठेवण्याचं काम व्हॉट्सअ‍ॅप उत्तम करतं.

अडचण सुरू होते ती आपल्या शब्दाला त्या ग्रुपमध्ये वजन येतं तेव्हा.

माझं वजन कुठून आलं

मी व्यवसायानं अकाउंटंट. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रुपवर टॅक्सचे प्रश्न येतात. भारतातल्या बँकेतलं व्याज दाखवायचं का? परदेशी खात्यांमध्ये वर्षात कधीही मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम झाली तर एफबार भरायचा का? (दोन्हीचं उत्तर हो.) मी उत्तरं देत गेलो, फुकट आणि वेळेवर. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर "बघून सांगतो" म्हणालो आणि खरंच बघून सांगितलं. असं दहा-बारा वर्षं चाललं. हळूहळू "काकांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार" असं लोक म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

विश्वास हा असाच बसतो, थेंबाथेंबानं. त्यासाठी कसलीही युक्ती लागत नाही. नियमितपणा लागतो, चूक कबूल करायची तयारी लागते आणि समोरच्याच्या अडचणीत खरा रस असावा लागतो. पण या पुंजीचा एक गुण मला फार उशिरा कळला. ती टॅक्सच्या खात्यात जमा झालेली असते, पण लोक ती कुठल्याही खात्यावर वटवून देतात.

काढा

२०२० चा एप्रिल. सगळे घरात कोंडलेले, बातम्या भयंकर. पुण्याहून माझ्या वहिनीनं काढ्याची कृती पाठवली. वर 'आयुष मंत्रालय' असं ठळक लिहिलेलं. भारताच्या आयुष मंत्रालयानं त्या मार्चमध्ये काढा सुचवला होता हे खरंच आहे. त्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका होत्या. माझ्याकडे आलेल्या कृतीत मात्र शेवटी आणखी एक ओळ होती: ज्येष्ठमधाची पूड दोन चमचे, दिवसातून दोनदा. ती ओळ वाटेत कुणी तरी सद्‌हेतूनं घातलेली असणार. मूळ सल्ला मी वाचला नव्हता. वहिनीनं पाठवलं म्हणून मी विश्वास ठेवला आणि ग्रुपवर टाकलं. वर आपलं एक वाक्यही जोडलं: "घरच्याच वस्तू आहेत, करून बघायला हरकत नाही." पंचवीस-तीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी खूश.

आमच्यापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या एक काकू तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ब्लड प्रेशरसाठी त्या रोज लघवी वाढवणारी गोळी घ्यायच्या, म्हणजे जिला इथे वॉटर पिल म्हणतात ती. त्यांनी जवळजवळ महिनाभर न चुकता सकाळ-संध्याकाळ काढा घेतला. आधी पायांत गोळे यायला लागले. मग जिना चढवेना. एका रात्री छातीत धडधड थांबेना म्हणून मुलीनं ९११ ला फोन केला. त्या दिवसांत इमर्जन्सीत नातेवाइकांना आत घेत नव्हते. काकूंना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून मुलगी घरच्या दारातच उभी राहिली. तिनं मला पहाटे तीन वाजता फोन केला होता. तिचा तो आवाज अजून कानात आहे.

काकूंचं पोटॅशियम फार खाली गेलं होतं आणि हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. हॉस्पिटलात एका डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला, "घरगुती काही औषध घेता का?" तेव्हा काढा बाहेर आला.

मग मी वाचायला बसलो. आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, ब्लड प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. काकूंची गोळीही पोटॅशियम कमी करणारीच. म्हणजे एकाच टाकीला दोन गळत्या. इथल्या एफ.डी.ए.नं चाळिशीच्या पुढच्या लोकांना इशाराच दिलेला आहे की ज्येष्ठमध असलेली काळी लिकोरिस गोळी रोज दोन औंस अशी दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जाणता वैद्यही ज्येष्ठमध देण्याआधी ब्लड प्रेशरची चौकशी करतो. चौकशी करत नाही तो फॉरवर्ड.

काकू दोन दिवसांनी घरी आल्या. मी फोनवर माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अरे, तू पाठवलंस म्हणून घेतलं. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर मी आधी मुलीला विचारलं असतं."

बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. टॅक्सच्या प्रश्नांवर जमवलेलं माझं वजन त्यांनी काढ्याच्या पातेल्यात टाकलं होतं.

मी ग्रुपवर माफी लिहिली, काय झालं ते काकूंच्या परवानगीनं सांगितलं आणि ज्यांना ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी ज्येष्ठमध थांबवून डॉक्टरांना फोन करावा असं कळवलं. आणखी तिघं तो काढा घेत होते. ज्यांनी हात जोडले होते त्यांतल्या दोघातिघांनी तो स्वतः पुढे पाठवला होता. त्याचं काय झालं ते कुणालाच कळणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपनंही या रोगावर थोडं औषध केलेलं आहे. २०१८ साली भारतात आणि २०१९ च्या जानेवारीपासून जगभर, एक मजकूर एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येईनासा झाला. म्हणजे आकडा आपल्या फोन-साखळीचाच! आणि २०२० च्या एप्रिलपासून, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मजकुरावर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की समजावं, हे पत्र अनेक हातांतून आलं आहे आणि कुठल्या हातानं त्यात काय मिसळलं याचा पत्ता नाही.

मी गप्प बसलो

काढ्यानंतर मी ग्रुपवर तोंड उघडणं जवळजवळ बंद केलं. टॅक्सचं कुणी विचारलं तरी "कॉल करा" एवढंच. मला वाटत होतं, हा शहाणपणा आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या मित्रानं ग्रुपवर एक चित्र टाकलं. गुंतवणुकीच्या कुठल्याशा अ‍ॅपचा स्क्रीन, त्यावर हिरव्या अक्षरांत एकाहत्तर हजार डॉलर. खाली लिहिलं होतं, "चाळीस हजारांचे तीन महिन्यांत एवढे झाले. कुणाला माहिती हवी असेल तर सांगा." त्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्याला पंगत मिळाली तर शेजाऱ्यालाही हाक मारावी, असा त्याचा स्वभाव. अकरा जणांनी "मला कळव" म्हणून लिहिलं.

मी ते वाचलं. तीस-पस्तीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला त्यात काय चुकतंय ते दिसायला दोन मिनिटं पुरतात. पण मी काही लिहिलं नाही. मित्र आहे, त्याला चारचौघांत कसं बोलायचं? आणि काढेवाल्यानं लोकांना सल्ले द्यावेत कशाला? असे आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी काकूंचा फोन आला. "ते एकाहत्तर हजाराचं तू वाचलंस ना? मग बोलत का नाहीस?"

मी म्हटलं, "काकू, मागे एकदा बोललो होतो, त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"अरे, काढा हा तुझा विषय नव्हता. हा तुझा विषय आहे."

मी फोन ठेवला आणि लगेच मित्राला लावला. तो म्हणाला, "बरं झालं, मी तुलाच फोन करणार होतो. पैसे काढायचे तर आधी वीस टक्के टॅक्स भरायला सांगतायत, चौदा हजार दोनशे. उद्या पाठवायचेत. हा टॅक्स रिटर्नमध्ये कुठे दाखवायचा रे?"

मंडळी, एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. खरा ब्रोकर तुमचे पैसे तुम्हाला द्यायला आधी टॅक्स मागत नाही. तो वर्षअखेरीला १०९९ पाठवतो. टॅक्स आपण आय.आर.एस.ला भरतो, अ‍ॅपला नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. "तुला माझं चांगलं बघवत नाही," इथपर्यंत आला. मी म्हटलं, "चांगलं झालं असेल तर मी पेढे वाटीन. फक्त एक कर. त्या कंपनीचं नाव माझ्या समोर ब्रोकरचेकमध्ये घाल." फिनरा या संस्थेची ती मोफत सोय आहे. परवाना असलेला प्रत्येक ब्रोकर आणि त्याची कंपनी तिथे सापडते. त्याची कंपनी तिथे नव्हती.

'दादा, जेवलात का?'

सगळं बाहेर यायला आठवडा लागला. त्याच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगा कॅलिफोर्नियात. फेसबुकवर डोंबिवलीच्या जुन्या लोकांच्या एका ग्रुपमध्ये त्याला एका बाईचा निरोप आला, "तुम्ही आमच्याच शाळेतले का?" आपण सिंगापूरला असतो असं तिनं सांगितलं. मराठी छान लिहायची. पहिले तीन महिने पैशाचं नावसुद्धा नाही. रोज संध्याकाळी सातला एक ओळ यायची: "दादा, जेवलात का?" त्यानं "टोस्ट खाल्ला" म्हटलं तर रागवायची. मुगाच्या खिचडीची कृती पाठवायची. मग एकदा सहज आपल्या मामांच्या सोन्याच्या व्यवहाराबद्दल बोलली.

आधी त्यानं दोन हजार घातले. त्यातले पाचशे परत काढून बघितले, बँकेत आलेसुद्धा. इथेच माणूस फसतो, कारण त्याला वाटतं आपण खात्री करून घेतली. मग त्यानं ४०१-के मधून पन्नास हजार काढले. असे थेट हातात घेतलेल्या पैशांतून वीस टक्के टॅक्ससाठी सक्तीनं कापले जातात, म्हणून हातात चाळीस हजार आले. तेही गेले. एकूण साडेएक्केचाळीस हजार. आणि वर, काढलेले पन्नास हजार हे त्या वर्षीचं उत्पन्न धरलं गेलं. गेलेल्या पैशांवर त्याला टॅक्स भरावा लागणार होता. ते आकडे त्याच्या समोर मांडताना माझाच हात कापत होता.

तो मात्र आकड्यांकडे बघतच नव्हता. म्हणाला, "पैशाचं सोड रे. ती रोज विचारायची, जेवलात का."

मी घरी येऊन मंडळाचा ग्रुप उघडला आणि मागे जाऊन बघितलं. त्या वर्षभरात त्याच्या नावाचा उल्लेख कुठे कुठे होता? वाढदिवसाला बासष्ट केकची चित्रं होती. पत्नी गेली तेव्हा पन्नासाच्या वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' होत्या, त्यांतली एक माझी. रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार होतेच. "जेवलास का?" असं कुणीही विचारलेलं नव्हतं. संबंध जोडायचे कसे हे त्या ठगांना चांगलं माहीत होतं. आपण ते विसरलो होतो.

हे काही आमच्या एकट्या मित्राचं दुर्दैव नाही. एफ.टी.सी.च्या नोंदींप्रमाणे जानेवारी २०२१ ते जून २०२३ या अडीच वर्षांत सोशल मीडियावरून सुरू झालेल्या फसवणुकीत लोकांनी २७० कोटी डॉलर गमावले. एफ.बी.आय.च्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे २०२४ या एका वर्षात गुंतवणुकीच्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या त्यांची बेरीज ६५७ कोटी डॉलर होती. हे फक्त तक्रार केलेल्यांचे. लाजेनं गप्प बसलेले यात नाहीत. आणि एकटेपणा ही आरोग्याची बाब आहे, हे अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ च्या मे महिन्यात जाहीर पत्रकात सांगितलं. माणसांपासून तुटलेपणाचा आयुष्यावर होणारा परिणाम त्यांनी दिवसाला पंधरापर्यंत सिगरेटी ओढण्याशी ताडून दाखवला आहे. म्हणजे 'आरोग्य' आणि 'अर्थ' ही आपल्या पानाची दोन नावं आहेत, पण दुखणं एकच होतं.

ग्रुपवर काय लिहिलं

त्या अकरा जणांचं काय? मित्राचं नाव न घेता मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: कुठल्याही अ‍ॅपमध्ये पैसे घालण्याआधी ब्रोकरचेक आणि एस.ई.सी.चं इन्व्हेस्टर डॉट गव्ह ही दोन ठिकाणं बघा, शंका आली तर न्यू जर्सी ब्युरो ऑफ सिक्युरिटीजला फोन करा, आणि पैसे घातले असतील तर आज रात्री मला फोन करा, कितीही वाजता. दोन फोन आले. दोघांनी मी गप्प बसलो होतो त्या आठ दिवसांत हजार-हजार डॉलर पाठवले होते. ते मिळाले नाहीत.

मित्र सहा महिने मंडळात आला नाही. मग गणपतीच्या तयारीच्या वेळी त्यानं ग्रुपवर आपल्या आवाजात चार मिनिटांचा निरोप टाकला. काय झालं, कसं झालं, किती गेले, सगळं. "मी मूर्ख नव्हतो, एकटा होतो," असं तो म्हणाला. माझ्या दहा-बारा वर्षांच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा त्या चार मिनिटांचा परिणाम जास्त झाला. त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या एका बाईंनी आपल्या वडिलांच्या फोनवर असाच एक संवाद पकडला.

थोडक्यात

अनुभवातून आलेले काही नियम लिहून ठेवतो. कापून फ्रिजवर लावायला हरकत नाही.

१. आपलं वजन ज्या विषयात कमावलं त्याच विषयात वापरावं. अकाउंटंटनं काढा सांगू नये आणि डॉक्टरनं शेअर सुचवू नयेत. मात्र आपल्या विषयात धोका दिसला तर भिडेनं गप्प बसू नये.

२. चूक माणसाला एकट्यात सांगावी, माहिती सगळ्यांना द्यावी. चारचौघांत खोटं पाडलेला माणूस ऐकत नाही, तो भांडतो.

३. पाठवण्याआधी मूळ ठिकाणी जाऊन वाचावं. तेवढा वेळ नसेल तर पाठवायलाही वेळ नाही असं समजावं.

४. काढे, चूर्णं, गोळ्या, जे काही घेता त्याची यादी पाकिटात ठेवावी आणि डॉक्टर व फार्मासिस्ट दोघांना दाखवावी. 'घरचंच आहे' म्हणून वगळू नये.

५. ग्रुपवर काही सुचवताना त्यात आपला फायदा असेल तर तसं लिहावं. आपल्यात इन्शुरन्स आणि घरविक्रीचा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत, त्यात गैर काही नाही, फक्त सांगून करावं. किम कार्दाशियन या नटीनं एका क्रिप्टोची इन्स्टाग्रामवर शिफारस केली आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाल्याचं लपवलं, म्हणून एस.ई.सी.नं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्याकडून साडेबारा लाखांच्या वर रक्कम वसूल केली. (आरोप तिनं मान्यही केला नाही, अमान्यही नाही.)

६. ओळख फक्त फोनवरची असेल तर पैसे पाठवू नयेत, मराठी कितीही गोड असलं तरी. आजकाल फोटो, आवाज आणि चेहरासुद्धा यंत्रानं बनवता येतो.

७. फसलात तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, मग एफ.टी.सी. आणि एफ.बी.आय.च्या केंद्राकडे तक्रार नोंदवा. "तुमचे बुडालेले पैसे फी घेऊन परत मिळवून देतो" असा फोन नंतर हमखास येतो. तो दुसरा ठग. टॅक्सच्या बाबतीत, नफ्याच्या हेतूनं केलेल्या गुंतवणुकीत चोरी झाली तर ते नुकसान काही अटींवर वजा मागता येतं. आय.आर.एस.च्या वकिलांच्या मार्च २०२५ च्या टिपणानं हे स्पष्ट केलं आहे. निव्वळ प्रेमापोटी दिलेल्या पैशांना ते लागू नाही. कागद जपून ठेवा आणि टॅक्सच्या जाणकाराला दाखवा.

काकूंची यादी

हे सगळं झाल्यावर काकूंनी एक काम केलं. भारतीय दुकानाच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मंडळातल्या एकट्या राहणाऱ्या लोकांची यादी केली आणि आम्हा आठ-दहा जणांत पाच-पाच नावं वाटून दिली. तीच जुनी साखळी. नियम एकच आहे. फुलं नाहीत, सुविचार नाहीत. आठवड्यातून दोनदा त्या माणसाला त्याच्या नावानं एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही तर फोन, फोन उचलला नाही तर घरी. दोनदा आम्हाला घरी जावं लागलं. एकदा फोन चार्ज केलेला नव्हता. दुसऱ्यांदा एक आजोबा बाथरूममध्ये पडलेले होते, खुब्याला लागलं होतं, पण वेळेवर सापडले.

काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या पाचांत माझा मित्र आहे. मित्राच्या वाट्यालाही पाच नावं आहेत, आणि तो कुणाचं चुकवत नाही. माझ्या पाचांत कोण आहेत ते सांगत नाही. पण कधी संध्याकाळी सातच्या सुमाराला माझा फोन वाजतो आणि काकूंचा निरोप दिसतो, "जेवलास का रे?" यादीत माझं नाव नाही. तरी त्या विचारतात.

तुमच्या गावच्या मंडळातही अशी यादी करता येईल. कॅलेंडरची मागची बाजू पुरते. हा लेख कुणाला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. पण त्याआधी ज्याची आठवण झाली असेल त्याला एक फोन करा.